खुंट जतचा, काडी कृष्णेची

माझे घरमालक स्वतःच्या पोटाशी कन्नडमध्ये बोलायचे. सकाळी पाण्याचा तांब्या तोंडाला लावायच्या आधी उजव्या बाजूला, कमरेच्या हाडाच्या जरा वर, हात ठेवायचे आणि अदबीनं विचारायचे, "नीर बेकेनु?" म्हणजे, पाणी पाहिजे का? मग कान टवकारून उत्तराची वाट बघायचे. उत्तर आलं की प्यायचे. उत्तर आलं नाही, असं पाच वर्षांत मी एकदाही पाहिलं नाही.

त्या जागी त्यांच्या बायकोची किडनी बसवलेली होती. बायको जतच्या पलीकडची, कर्नाटकाच्या शिवेवरच्या मेंढपाळांच्या वस्तीत वाढलेली. घरात मराठी, रानात कन्नड.

"मराठी कळतं रं तिला," आण्णा मला म्हणायचे, "पण माहेरची भाषा काढली की बरं वाटतं बाईमाणसाला."

यावर चुलीपाशी बसलेली खरी बाईमाणूस म्हणायची, "मला उभ्या जन्मात कवा पानी इचारलं न्हाई ह्या माणसानं. आन् तिला रोज."

मी मूळचा कोरेगावचा. द्राक्षबागांची औषधं विकणाऱ्या एका कंपनीनं मला तासगावच्या बाजूला फिरतीवर टाकलं, तेव्हा यांच्या घरातली वरची खोली घेतली. त्यांचं नाव सांगत नाही. सांगायचं तर परवानगी घ्यावी लागेल, आणि परवानगी घ्यायला गेलो तर ते दोन वेळचं जेवण होईस्तोवर सोडणार नाहीत. सगळे त्यांना आण्णा म्हणत आणि त्यांच्या बायकोला काकी. एवढ्यावर भागेल.

आण्णा द्राक्षाची कलमं बांधायचे. ज्यांनी द्राक्ष फक्त ताटलीत पाहिलंय त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे आधी रानात जंगली द्राक्षाचा खुंट लावतात. त्याला खारं पाणी चालतं, पाणी नसलं तरी चालतं, शिव्या दिल्या तरी चालतं. तो अंगठ्याएवढा झाला की वरून छाटायचा, मधोमध चीर द्यायची आणि त्या चिरेत गोड द्राक्षाची काडी पाचरीसारखी तासून बसवायची. वर प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. महिन्याभरात दोघांचं एक झाड होतं. मूळ एकाचं, घड दुसऱ्याचे.

या कामात आण्णांचा हात असा होता की लोक म्हणत, आण्णा डोळे झाकून बांधतात. मी तर त्यांना बांधता बांधता झोपलेलं पाहिलंय. झोपेत बांधलेली ती बारा कलमं जागेपणीच्या कलमांपेक्षा चार दिवस आधी फुटली. त्यांची हातातली काठी पावसाळ्यात ओल्या कोपऱ्यात ठेवायची काकींना बंदी होती. एकदा विसरून राहिली तर तिला पालवी आली. वांग्याच्या झाडावर टोमॅटो तर त्यांनी परसात किती वेळा धरवले. त्या टोमॅटोची चटणी केली की जेवताना चुकून देठ शोधायला हात जायचा. यात माझी भर फार तर चार आणे आहे.

भेटल्यावर "बरं आहे का" असं ते कुणाला विचारत नसत. "धरलं का?" असं विचारत. नव्या नोकरीवर गेलेल्याला, नवी कवळी बसवलेल्याला, आमच्या शाखेत बदलून आलेल्या साहेबालासुद्धा. साहेबानं मला बाजूला घेऊन विचारलं, काय धरायचंय? मी म्हटलं, मूळ.

प्रत्येक जोडप्यात एक खुंट आणि एक काडी असते, हे त्यांचं तत्त्वज्ञान. मी राहायला गेलो त्याच दिवशी त्यांनी चौकशी केली.

"बायको कुठली?"

"कराडची."

"आन् तू कोरेगावचा. मग खुंट कोन?"

मी म्हटलं, असा विचार केला नाही.

"कर. दोगंबी काड्या निघालात तर संसार हवेत ऱ्हातो गड्या."

स्वतःच्या बाबतीत त्यांना शंका नव्हती. ते कृष्णाकाठचे, पाणी पिऊन वाढलेले, म्हणजे काडी. काकी जतच्या माळावरच्या, टँकरच्या पाण्यावर वाढलेल्या, म्हणजे खुंट. हे ते चारचौघांत सांगायचे. काकी पदर सावरत म्हणायच्या, "खुंटावर कुनीबी दोर बांधतंय, आवं. त्यात काय कौतिक."

पुढे आण्णांच्या दोन्ही किडन्या रक्तदाबानं गेल्या. आठवड्यातून तीनदा सांगलीला मशीनवर रक्त धुऊन घ्यायला जायचे. तिथेही गप्प बसत नसत. एका सिस्टरला त्यांनी टेरेसवरच्या गुलाबावर दुसऱ्या गुलाबाचा डोळा कसा बांधायचा ते सुई टोचून घेता घेता शिकवलं. शेवटी किडनी बदलायचं ठरलं, तेव्हा काकी पुढे झाल्या. रक्तगट जमला. बाकीची जुळणी डॉक्टरांनी पाहिली आणि म्हणाले, बेताचीच आहे, पण चालेल.

"लग्नात तरी कुठं जुळलं हुतं," काकी म्हणाल्या आणि सही केली.

ऑपरेशन पुण्यात झालं, पुढची तपासणी सांगलीत. शुद्धीवर आल्यावर आण्णांनी डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला, "धरलं का?" डॉक्टर पुण्याचे. त्यांना वाटलं, पोटात काही धरलंय म्हणतात. लगेच सोनोग्राफी केली.

पण आण्णांना जे समजायचं ते समजलं होतं. आता ते नुसते नवरा म्हणून नव्हे, तर खरोखरीचं कलम झाले होते. खुंट जतचा, काडी कृष्णेची. गावाकडे आल्यावर शर्ट वर करून ते टाके दाखवायचे आणि दाखवताना पुण्याच्या सर्जनच्या कामात दोन चुका काढायचे.

त्याच आठवड्यात, त्याच वॉर्डात आमच्या कोरेगावचे एक रिटायर सुभेदार होते. त्यांना सख्ख्या धाकट्या भावाची किडनी बसवली होती. त्यांची जुळणी पूर्ण. डॉक्टर म्हणाले, अशी क्वचित मिळते. सुभेदारांचा मुलगा सांगलीत नोकरीला, त्यामुळे तेही तपासणीला इकडेच येत. दोघांची बाकावर दोस्ती जमली. शरीरानं परकी किडनी नाकारू नये म्हणून रोज गोळ्या घ्याव्या लागतात, त्या बाबतीत सुभेदार इतके कडक की दोन्ही मनगटांवर घड्याळं. एक बंद पडलं तर दुसरं. सकाळी आठ आणि रात्री आठ. आठला गोळी, आठ वाजून एक मिनिटाला सुभेदार आरामात. बाकावरच्या सगळ्या पेशंटांचे हात त्या वेळेला आपोआप खिशाकडे जायचे. एकदा तर नुसता सोबत आलेला जावईही पाणी पिऊन मोकळा झाला.

दुसऱ्या वर्षी सुभेदारांची किडनी गेली.

आण्णा त्या दिवशी तपासणीच्या खोलीत जाऊन खुर्चीत बसलेच नाहीत. उभ्यानंच सांगलीच्या डॉक्टरबाईंना म्हणाले, "सख्ख्या भावाची. जुळनी पुरी. गोळी कवा एक मिनिट चुकली न्हाई. आन् माझी बायकूची, जुळनी बेताची, आन् मी हितं उभा. ह्यो न्याय कुठला?"

डॉक्टरबाई तरुण होत्या, पण घाईच्या नव्हत्या. त्यांनी त्यांना बसवलं. म्हणाल्या, "आण्णा, जुळणी ही एक गोष्ट झाली. दुसरीही आहे. शरीरात परकं काही आलं की एक पेशी दुसरीला निरोप धाडते. ती उठते, तिसरीला उठवते. हा निरोप किती जोरात जायचा, किती वेळ चालू राहायचा, हे ज्याच्या त्याच्या जनुकांत लिहिलेलं असतं, आईबापाकडून आलेलं. त्या लिहिण्यात माणसामाणसांत बारीक फरक असतात. काहींच्यात थोडक्यात मिटतं. काहींच्यात एकदा हाळी उठली की गोळ्यांनाही दाद देत नाही. सुभेदारांच्यात तसं असू शकेल. मी खात्रीनं नाही सांगू शकत."

"म्हंजे वस्तीवरची कुत्री," आण्णा म्हणाले.

"म्हणजे?"

"एका वस्तीवर नुसतं पान हाललं तरी चाळीस कुत्री उठत्यात. दुसऱ्या वस्तीवर चोर भांडी घेऊन गेला तरी एक जागचं हालत न्हाई. मानसं तीच, कुत्री येगळी."

डॉक्टरबाई हसल्या. म्हणाल्या, बरंच जवळ आलात. याच फरकांचा अभ्यास करणाऱ्यांना त्या काही पेशंटांचं रक्त पाठवत होत्या. आण्णांना विचारलं, देता का? आण्णांनी शर्टाची बाही इतकी वर नेली की काखेतून घ्यावं लागतं की काय असं वाटलं.

बऱ्याच महिन्यांनी एका तपासणीला बाई रजेवर होत्या. त्यांच्या जागी एक शिकाऊ डॉक्टर होता. त्यानं फाईल चाळता चाळता, चांगल्या मनानंच, सांगितलं, "आण्णा, तुमचा त्या अभ्यासातला रिपोर्ट आलाय. तुमच्यातले हे निरोप जरा मंद जातीचे दिसतायत." पुढे तो हेही म्हणाला की यावरून औषध बदलायचं नसतं, असं ठरवण्याइतकं अजून कुणाला कळलेलं नाही. हे दुसरं वाक्य मी स्वतः ऐकलं, कारण त्यांना घेऊन मीच गेलो होतो. आण्णांनी ते ऐकलं नाही. ते पहिल्या वाक्यावरच उठून उभे राहिले होते आणि सगळ्या बाकाला सांगत होते की आपली कुत्री मंद आहेत.

इथे कलमातली एक गोष्ट सांगायला हवी. काडी बसवल्यावर जी पट्टी गुंडाळतात, ती कायम ठेवत नाहीत. कलम धरलं, नवी फूट हातभर झाली, की पट्टी सोडायची. नाही सोडली तर खोड जाड होत जातं, पट्टी त्याला आवळते आणि चांगलं धरलेलं कलम पट्टीनंच मरतं. नवशिक्यांच्या बागा अशाच जातात. आण्णांनी आयुष्यभर पोरांना याच एका चुकीवरून शिव्या दिल्या. आणि पट्टी एकदम ओढायची नसते. आधी पाठीमागून ब्लेडनं एक चीर द्यायची, थोडे दिवस बघायचं, मग काढायची.

एका संध्याकाळी मी फिरतीवरून आलो तर आण्णा पायरीवर बसले होते. मांडीवर पाटाचा तुकडा, त्यावर गोळी, हातात कलमाचा चाकू. त्यांनी गोळीचे असे दोन तुकडे केले की तागडीत घातले असते तर काटा लाजला असता.

"अर्धी केली का डॉक्टरांनी?" मी विचारलं.

"चीर देतोय," आण्णा म्हणाले.

मला ते इतकं मजेदार वाटलं की ही गोष्ट मी पुढच्या आठवड्यात तीन गावांत आणि दोन दुकानांत रंगवून सांगितली. प्रत्येक वेळी चाकू थोडा मोठा होत गेला. फक्त काकींना सांगायची राहिली.

ती राहिली नसती तर बरं झालं असतं.

काकींनी ते ओळखलं ते निराळ्याच वाटेनं. द्राक्षबागेत आण्णा नेहमी सगळ्यांच्या पुढे चालायचे, मागे न बघता बोलत. मागचा माणूस घरी निघून गेला तरी त्यांचं व्याख्यान वेलींच्या कानावर चालूच राहायचं. दसऱ्याच्या आसपास एका सकाळी आम्ही तिघं बागेत गेलो. मी पुढे, काकी मध्ये. थोडं चालल्यावर काकी थांबल्या. त्यांनी आण्णांना वाट दिली, पुढे जाऊ दिलं आणि मागून त्यांच्या चालीकडे बघत राहिल्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"मेंढरू दुखाय लागलं की कळपाच्या मागं पडतंय," त्या म्हणाल्या. "ह्यो मानूस आज मागं हुता."

त्यांनी आण्णांना बांधावर बसवलं, धोतर घोट्यावरून सरकवलं आणि अंगठ्यानं दाबलं. खड्डा पडला आणि तसाच राहिला. त्यात बशीभर चहा ओतता आला असता.

"गोळी घेताय न्हवं?"

आण्णा शंभर गोष्टी वाढवून सांगतील, पण काकींशी खोटं बोलायची त्यांची छाती नव्हती. "सोडली," ते म्हणाले.

"कवापास्नं?"

"श्रावनात चीर दिली. भादव्यात काढली." आणि लगेच, "अगं, दोन वर्सं उलटली. धरलेल्या कलमाला पट्टी ठेवत्यात व्हय? सुभेदार पट्टी आवळून बसला, त्याचं काय झालं बघितलंस न्हवं? आन् माझं रगात मंद हाय. कागुद हाय माझ्याकडं."

काकी उठल्या. मला म्हणाल्या, "गाडी काढा, भाऊ." इतकंच.

सांगलीपर्यंत आण्णा मागच्या सीटवरून पट्टी या विषयावर बोलत होते. काकी पुढे माझ्या शेजारी, हात मांडीवर ठेवून, समोरच्या काचेतून ऊस बघत होत्या. मध्येच मला हळूच म्हणाल्या, "तुमाला ठावं हुतं?"

मी हो म्हटलं. चाकूचं सांगितलं. सगळ्या आयुष्यात मी ती एक गोष्ट काही भर न घालता सांगितली असेल.

"बरं," काकी म्हणाल्या.

रक्त तपासलं, सुई घालून किडनीचा कण काढून तोही तपासला. डॉक्टरबाई कागद घेऊन आल्या तेव्हा त्यांचा चेहरा नेहमीसारखाच होता. त्यांनी स्टूल ओढून घेतलं. "आण्णा, शरीरानं किडनी नाकारायला सुरुवात केलीय."

"कुनी नाकारली?" आण्णा म्हणाले. "मी तर रोज पानी इचारतो तिला."

हे ते विनोदानं म्हणाले नव्हते. बाईंना ते कळलं असावं, कारण त्या हसल्या नाहीत. आण्णांनी मग आपला सगळा हिशेब मांडला, पट्टी, चीर, सुभेदार, मंद कुत्री. बाईंनी मध्ये तोडलं नाही. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "वेलीचं मला कळत नाही. माणसाचं सांगते. तुमचे निरोप मंद असतील, पण ते बंद नाहीत. दोन वर्षं ते दबले होते ते गोळीनं. आणि तुमच्या रक्तातला तो एक फरक आम्ही वाचला, असे किती फरक असतील ते आम्हालाच ठाऊक नाही."

आण्णांनी तोंड उघडलं. पण त्यांच्या आधी काकी बोलल्या. दारात उभ्या होत्या.

"आमच्या वस्तीवर एक कुत्रं हुतं. कवा भुकायचं न्हाई. लांडगा आला तरी नुसतं बघायचं. माजा बा म्हनायचा, मुकं हाय, ऱ्हाऊ दे. तीन वर्सं ऱ्हायलं. चौथ्या वर्सी ह्यांचं मामा मला बगाय आलं. सगळी कुत्री भुकली न् गप पडली. ह्ये उठलं, काय बोललं न्हाई, मामाच्या पिंडरीचा लचका घेऊन परत जाग्यावर जाऊन बसलं." मग आण्णांकडे वळून म्हणाल्या, "मंद म्हंजे मुकं न्हाई, आवं. तुमाला मामाची पिंडरी ठाव हाय."

आण्णांनी ती पिंडरी पाहिली होती. लग्नात मामा लंगडत होते, हे तर त्यांच्या गावातल्या सगळ्यांना माहीत होतं. या एका पुराव्यापुढे त्यांचा कागद टिकला नाही. त्यांनी मान खाली घातली आणि सलाईनसाठी हात पुढे केला.

तीन दिवस जोराची औषधं शिरेतून दिली. त्यांतलं एक तर असं होतं की आण्णांना झोपच येईना, आणि ते वॉर्डातल्या भिंतींशी बोलत राहिले. मी सकाळी डबा न्यायचो. काकी बाहेरच्या बाकावर बसून असायच्या, पाय वर घेऊन, लोकरीच्या घोंगड्यात. नवस वगैरे काही बोलल्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, "माझ्या पोटात हुती तवा कवा आठवन झाली न्हाई तिची. आता सारखं मनात येतं, तिकडं कशी आसंल."

मी चहा आणला.

पाचव्या दिवशी सकाळी डॉक्टरबाई आल्या. आण्णा भिंतीकडे तोंड करून पडले होते. झोपले नव्हते, हे मला आणि काकींना दोघांनाही माहीत होतं. बाई म्हणाल्या, "धोका टळलाय. पण जेवढं गेलं तेवढं परत येत नाही. साधारण पाव भाग काम कमी झालंय. उरलेलं टिकेल, पण गोळ्या कायमच्या. आयुष्यभर. काही झालं तरी."

काकींनी मान हलवली. मग साध्या आवाजात, भाजीचा दर विचारावा तसं विचारलं, "माझ्याकडं एक हाय, ती बरी हाय न्हवं?"

"तुमची? उत्तम आहे."

"मग उद्या ह्यांची ऱ्हायलेलीबी गेली, तर ती काढून बसवता ईल?"

बाई चपापल्या. जवळ येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "काकी, नाही. ती तुम्हाला लागते. ती काढता येत नाही, कुणी काढणारही नाही."

"ते ठाव हाय मला," काकी म्हणाल्या. "ह्यांच्या कानावर जावं म्हून इचारलं."

बाईंनी फाईल मिटली आणि त्या बाहेर गेल्या. आण्णांची पाठ आमच्याकडे होती तशीच राहिली. बऱ्याच वेळानं त्यांनी तोंड न वळवता एक हात मागे केला, तळवा वर.

काकींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. आठला सात मिनिटं कमी होती. त्यांनी पिशवीतून गोळीची पट्टी काढून मांडीवर ठेवली आणि थांबल्या. सात मिनिटं तो हात तसाच होता.